आवडता पक्षी

सातवी ब. पट त्रेपन्न.
त्यातल्या बावन्न वह्यांत मोर.
मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे,
मोराच्या डोक्यावर तुरा असतो.
बावन्न तुरे, एकाच गाइडच्या एकाच पानावरून उतरलेले,
कुठे कुठे तुऱ्याचा तुरुंग झालेला.

त्रेपन्नावी वही दर्पण खरटमलची.

'माझा आवडता पक्षी शाळेच्या समोर राहतो.
तो पिवळा आहे. एका पायावर उभा असतो, झोपत नाही.
रात्री त्याचा एक डोळा लाल पेटतो,
विमानांना दिसावा म्हणून.
तो सळया खातो आणि मजले घालतो.
एका इमारतीला एकतीस घातले,
आता शेजारचे शेवटचे घालतोय.
माझे बाबा त्याच्या पोटातल्या शिडीने मानेपर्यंत चढतात.
डबा वरच नेतात,
कारण सारखं खाली आलं तर खाडा धरतात.
तो घरटं बांधतो पण त्यात राहत नाही.'

मी वाचलं. परत वाचलं.
मग उत्तरसूची उघडली.
रंग, एक गुण. पिसे, एक. आहार, एक.
शेतकऱ्याला होणारा उपयोग, दोन.
रंगाचा एक दिला. आहारापाशी पेन अडलं.
दहापैकी तीन.
शेरा: विषयाला धरून लिहावे.

खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला पश्चात्ताप वगैरे झाला नाही.
त्या रात्री खिचडीच्या नोंदी होत्या,
तांदूळ किती, वाटाणा किती, उरला तर का उरला.
आधारशी नाव न जुळणारी अकरा मुलं होती,
आणि हसऱ्या वर्गाचा फोटो, आठच्या आत, ग्रुपवर.
चित्रकलेच्या मांजरेकर बाई निवृत्त झाल्या
त्याला सहा वर्षं झाली.
त्यांच्या खोलीत आता मोडके बाक,
आणि फळ्यावर अजून अर्धं जास्वंद.
तो तास मी गणिताला घेते.
मुलं कुरकुर करत नाहीत.
कुरकुर केली असती तर बरं वाटलं असतं.

थंडीत मतदारयाद्यांचं काम आलं,
आणि भाग आला नेमका समोरचा टॉवर.
वॉचमनने ओळखपत्र दोनदा उलटंसुलटं पाहिलं,
म्हणाला, बाई, मागच्या लिफ्टने जा.
एकोणतिसाव्यावर बेल वाजवली, कुणी नव्हतं.
पॅसेजच्या खिडकीत तो.
अगदी समोर. मान वळवत होता,
इतकी सावकाश, की माझीच वळते आहे असं वाटलं.
मानेच्या सांध्यात कावळ्याने
बाइंडिंगच्या तारेचं घरटं केलं होतं.
म्हणजे राहत होतं कुणीतरी.
खाली वडाळ्याची आमची शाळा,
पट्टीवरच्या एका सेंटिमीटरएवढी,
आणि तिच्यात कुठेतरी माझं लाल पेन.

परतल्यावर गुण बदलायला बसले.
पोर्टल म्हणालं, दुरुस्तीची मुदत संपली आहे.
इनामदार सर म्हणाले, बाई, तीन काय नि आठ काय,
सातवीत नापास कोण करतंय?
बरोबरच बोलले.
बरोबर होतं म्हणून तर घशाखाली उतरेना.

वार्षिकला तोच निबंध पुन्हा आला.
दर्पणने मोर लिहिला.
तुरा होता, शेतकऱ्याचा मित्र होता,
अक्षर टपोरं, खाडाखोड नाही.
दहापैकी नऊ.

त्याला बाहेर बोलावलं. म्हटलं, अरे, तुझा तो पक्षी?
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मोठी माणसं लहानांकडे पाहतात तसं.
'त्याला सोडवला, बाई. तुकडे करून ट्रकात घातला.
आम्हीपण जाणार. बाबांना तळोज्याला साइट मिळाली.'

मे महिन्यात दाखला लिहिला.
वर्तणूक: चांगली.
प्रगती: समाधानकारक.
शाळा सोडण्याचे कारण,
रकाना दोन बोटांचा.
लिहिलं: स्थलांतर.
शिपाई निवडणुकीच्या कामाला गेला होता.
शिक्काही मीच मारला,
थोडा तिरका.